रक्तातून हिमोग्लोबिन वेगळं कसं काढतात? (आणि 'पॉझिटिव्ह' या एका शब्दाने केलेला घोळ)



विज्ञान शिकवताना 'मिश्रणातील घटक वेगळे करणे' हा भाग आपण सगळेच घेतो. निवडणे, चाळणे, गाळणे, आणि शेवटी घाईघाईत रंजकद्रव्य पृथक्करण, म्हणजेच क्रोमॅटोग्राफी. खरं सांगते, मी स्वतः हा शेवटचा भाग कितीतरी वर्षं एका तासात उरकत होते. शाईचा ठिपका, फिल्टर पेपर, झालं. याचा आपल्या पोरांच्या आयुष्याशी काय संबंध, असं वाटायचं. तो संबंध मला माझ्याच वर्गातल्या एका मुलीमुळे कळला.

आमची शाळा नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या भागात सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे म्हणजे नाव माहीत आहे. शाळेत तपासणी झाली, बोटातून थेंब थेंब रक्त घेतलं आणि चार-पाच मुलांच्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' असं लिहून आलं. कोरोनानंतर हा शब्द गावात कसा ऐकला जातो ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून सातवीतल्या एका मुलीशेजारी कोणी बसेना. तिच्या वडिलांनी तिचं नाव कबड्डीच्या संघातून काढायला सांगितलं.

मग पुन्हा रक्त घेतलं, या वेळी हातातून, सुईने. काही दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. त्यावर डोंगरासारखी टोकं असलेली एक रेघ, काही आकडे, आणि खाली 'एएस' असं लिहिलेलं. वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, आधी पॉझिटिव्ह म्हणाले, आता ए-एस म्हणतात. दोनदा रक्त कशाला काढलं? आणि पोरगी आजारी आहे की नाही, ते यात कुठं लिहिलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी डी.एड. झालेली, विज्ञान बारावीपर्यंतचं. मग वाचत बसले, लॅबमध्ये काम करणाऱ्या ओळखीच्या एका दादांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे समजलं ते इथे मांडते.

आधी पिशवी फोडायची

रक्ताचा लाल रंग लाल पेशींमुळे, आणि लाल पेशींचा रंग हिमोग्लोबिनमुळे, इतकं आपण पाचवीपासून सांगतो. पण एका पेशीत हिमोग्लोबिन किती असतं? सुमारे 27 कोटी रेणू! एका पेशीत! पेशीतलं पाणी बाजूला ठेवलं तर जे उरतं त्यातलं जवळजवळ सगळं हिमोग्लोबिनच. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रकही नसतं. म्हणजे ती एक प्रकारे हिमोग्लोबिन ठासून भरलेली पिशवीच. म्हणूनच शरीरातल्या हजारो प्रथिनांपैकी शुद्ध करायला सोपं असं हे प्रथिन आहे. शिवाय ते स्वतःच लाल असल्यामुळे नळीत कुठवर पोहोचलं हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्यांच्या नशिबी एवढी सोय क्वचितच येते.

प्रयोगशाळेत काम असं चालतं. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. ते नळीत घालून यंत्रात गरागरा फिरवतात. ही आपली अपकेंद्री पद्धत. जड लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो. वरचं सगळं अलगद काढून टाकतात. तळाच्या पेशी मिठाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुतात. हे पाणी 0.9 टक्के मिठाचं असतं, म्हणजे एक लिटरला 9 ग्रॅम. आता विचारा वर्गात, साध्या पाण्याने का नाही धुवायचं? मनुका पाण्यात टाकली की फुगते ना, तसंच. साध्या पाण्यात लाल पेशी पाणी ओढून घेते, फुगते आणि फुटते. धुताना ती फुटली तर माल पाण्याबरोबर वाहून गेला.

पण धुऊन झाल्यावर मात्र ती फुटायलाच हवी! म्हणून आता मुद्दाम थंडगार शुद्ध पाणी घालतात. पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. मघाचं गढूळ लाल पाणी एकदम नितळ, पारदर्शक लाल होतं. पुन्हा जोरात फिरवलं की फुटलेल्या पेशींची रिकामी टरफलं खाली बसतात. एक गंमत सांगते, या रिकाम्या टरफलांना शास्त्रज्ञ खरोखरच 'भुतं' म्हणतात. आमच्या सातवीने हा शब्द एका ऐकण्यात लक्षात ठेवला, बाकी सगळं तीनदा सांगावं लागलं.

हे सगळं थंडाव्यात करतात, साधारण 4 अंश सेल्सिअसला, आणि फेस येऊ न देता. हिमोग्लोबिन उबेत फार वेळ राहिलं तर त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि लाल रंग तपकिरी होतो. तसं हिमोग्लोबिन मग ऑक्सिजन धरू शकत नाही.

नळीतला बाजार

आता आपल्या हातात लाल पाणी आहे. पण ते एकजिनसी नाही. त्यात पेशीतली इतर थोडी प्रथिनं आहेत, आणि हिमोग्लोबिनही एका प्रकारचं नाही. मोठ्या माणसात बहुतेक 'ए' प्रकारचं, 2 ते 3 टक्क्यांच्या आसपास 'ए-टू', आणि अगदी थोडं 'एफ', जे बाळ आईच्या पोटात असताना भरपूर असतं. सिकलसेलचं जनुक असेल तर 'एस' येतं. हे सगळे दिसायला सारखेच लाल, आकारानेही सारखे. चाळणीने चाळून उपयोग नाही. इथे क्रोमॅटोग्राफी लागते.

आधी वर्गातला प्रयोग. फळ्याचा पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटं वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ मारा. बशीत थोडं पाणी घेऊन खडू उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढत जातं आणि काळा रंग फाटतो, निळा, गुलाबी, पिवळसर असे पट्टे दिसतात. (पर्मनंट मार्कर घेऊ नका, तो पाण्यात हलत नाही. मी घेतला होता, पोरं हसली.) हा प्रयोग शाईनेच करायचा. रक्ताला वर्गात हात लावायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा.

असं का होतं? आठवडे बाजार डोळ्यांपुढे आणा. एका टोकाने सगळे जण एकदम आत शिरले. ज्याला काहीच घ्यायचं नाही तो सरळ दुसऱ्या टोकाला बाहेर. जी बाई प्रत्येक बांगडीच्या दुकानाशी थांबते, ती सगळ्यात शेवटी बाहेर येणार. खडूला चिकटून राहणारा रंग मागे पडतो, पाण्याबरोबर सहज जाणारा पुढे पळतो. क्रोमॅटोग्राफीची सगळी कल्पना एवढीच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडाच्या पानांतले रंग असेच खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळे केले होते. म्हणजे खडूचा मान मोठा आहे, आपण तो फक्त फळ्यावर झिजवतो.

हिमोग्लोबिनच्या बाजारात दुकानं कसली असतात? विद्युतभाराची. काचेच्या उभ्या नळीत बारीक मणी भरलेले असतात. त्यांच्यावर धन भार असेल तर ऋण भाराचे रेणू तिथे अडकतात. मण्यांवर ऋण भार असेल तर उलट. प्रथिनावर कुठला भार येणार, हे ते कसल्या पाण्यात आहे यावर ठरतं. पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर धन भार वाढतो, आम्लारीकडे असेल तर ऋण. 'ए' हिमोग्लोबिनच्या बाबतीत हा बदल साधारण पीएच 7 च्या आसपास होतो. म्हणून पीएच 8 च्या वरच्या पाण्यात ठेवलं की हिमोग्लोबिन ऋणभारित होतं आणि धन मण्यांना चिकटून बसतं. नळीच्या वरच्या भागात लाल पट्टा जमतो. न चिकटणारी प्रथिनं खालून निघून जातात.

मग चिकटलेलं सोडवायचं कसं? एकतर पाण्याचा पीएच हळूहळू उतरवायचा, किंवा मीठ हळूहळू वाढवायचं. मिठाचे भारित कण मण्यांवरच्या जागा अडवतात आणि प्रथिनांना हुसकावतात. ज्याची पकड ढिली ते आधी सुटतं, ज्याची घट्ट ते नंतर. पट्टे वेगवेगळे होत खाली उतरतात आणि खाली ओळीने ठेवलेल्या छोट्या नळ्यांत थेंब थेंब जमा होतात. इथे घाई चालत नाही. मीठ एकदम ओतलं तर सगळे पट्टे एकमेकांत मिसळून एकदम बाहेर येतात आणि सगळी मेहनत वाया.

शेवटी जमा झालेल्या द्रवातलं जादा मीठ काढायला तो एका पातळ पडद्याच्या पिशवीत भरून स्वच्छ द्रावणात बुडवून ठेवतात. मीठ पडद्यातून बाहेर जातं, मोठा हिमोग्लोबिनचा रेणू आत राहतो. याला डायलिसिस म्हणतात. किडनीच्या पेशंटचं डायलिसिस ऐकलेलं असतं ना, तत्त्व तेच.

574 मधले दोन

आता मूळ प्रश्नाकडे. 'ए' आणि 'एस' यांत फरक तो किती?

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार साखळ्या. दोन अल्फा, प्रत्येकीत 141 अमिनो आम्लं. दोन बीटा, प्रत्येकीत 146. एकूण 574 मणी समजा. सिकलसेलमध्ये प्रत्येक बीटा साखळीतला फक्त सहावा मणी बदलतो. तिथे ग्लुटामिक आम्ल असायला हवं, त्याजागी व्हॅलिन येतं. म्हणजे 574 पैकी दोन मणी वेगळे. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि व्हॅलिनवर कुठलाच नसतो. म्हणून 'एस' च्या रेणूवर दोन ऋण भार कमी. नळीतल्या मण्यांना एवढा फरक पुरतो!

हा भाराचा फरक 1949 मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. त्यांनी नळीऐवजी विजेचं क्षेत्र वापरलं होतं. निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगवेगळं सरकतं, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही सापडतात, हे त्यांना दिसलं. पण फरक नेमका कुठे आहे ते कळायला आणखी काही वर्षं गेली. केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनचे एका विकराने तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले, एका दिशेने विजेने, दुसऱ्या दिशेने क्रोमॅटोग्राफीने. कागदावर ठिपक्यांची नक्षी उमटली. दोन कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जुळत होते, एकच जागा सोडून होता. त्या एका ठिपक्याचा माग काढत 1957 पर्यंत त्यांनी तो बदललेला मणी शोधला. म्हणजे आपला फिल्टर पेपरचा प्रयोग, जो आपण एका तासात उरकतो, त्याच जातीचा!

एका मण्याने एवढा आजार कसा होतो? 'एस' हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देतं तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात. पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. हाडं-सांधे असह्य दुखतात. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही लवकर मरते, म्हणून रक्त कमी पडतं. यात जंतू कुठेच नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून, पाणी पिऊन हे कुणालाही लागत नाही.

रिपोर्टवरचे डोंगर

मोठ्या दवाखान्यात जी तपासणी झाली तिचं नाव एचपीएलसी. यातली शेवटची दोन अक्षरं म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी. वर सांगितलेली नळीच, पण बोटाएवढी, आणि पंपाने दाब देऊन चालवलेली. प्रयोगशाळेत जे काम दिवसभर चालतं ते इथे काही मिनिटांत होतं, कारण इथे हिमोग्लोबिन साठवायचं नसतं, फक्त मोजायचं असतं. रक्ताच्या नळीतून यंत्र अगदी थेंबाहूनही कमी रक्त उचलतं, पेशी फोडतं आणि नळीत सोडतं. बाहेर पडणाऱ्या द्रवावर प्रकाश टाकलेला असतो. हिमोग्लोबिन समोरून गेलं की तो प्रकाश शोषतं आणि कागदावर रेघ वर चढते. तो डोंगर. डोंगर किती वाजता आला त्यावरून प्रकार कळतो, आणि केवढा मोठा त्यावरून टक्केवारी.

या यंत्रातले मणी सहसा ऋणभारित असतात, जुन्या नळीच्या उलट. म्हणून क्रमही उलटतो. ऋण भार कमी असलेलं 'एस' इथे जास्त घट्ट चिकटतं आणि उशिरा येतं. नेहमीच्या एका पद्धतीत 'ए' साधारण अडीच मिनिटांनी बाहेर येतं आणि 'एस' साडेचारच्या सुमारास. त्या मुलीच्या कागदावर हे दोन्ही डोंगर होते. 'ए' मोठा, 'एस' त्याहून लहान, चाळीस टक्क्यांच्या आत. याचा अर्थ एका पालकाकडून चांगलं जनुक आलंय, दुसऱ्याकडून सिकलचं. ही वाहक. 'एसएस' म्हणजे रुग्ण असती तर 'ए' चा डोंगर जवळजवळ दिसलाच नसता, सगळीकडे 'एस' आणि थोडं 'एफ'.

आणि शाळेतली पहिली तपासणी? तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. रक्ताचा थेंब एका रसायनात टाकतात, त्यातला ऑक्सिजन निघून जातो, आणि 'एस' असेल तर द्रव गढूळ होतो. मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. स्वस्त आहे, जागेवर होते, हजारो मुलांमधून थोडी निवडायला उत्तम. पण वाहकाच्या रक्तातही 'एस' आहे आणि रुग्णाच्याही. गढूळ दोन्हीकडे होणार. म्हणजे त्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ इतकाच होता की "यात एस आहे, पुढे तपासा". तो अर्थ कागदावर कोणी लिहिला नव्हता, आणि आम्ही शिक्षकांनीही विचारला नाही. माझा राग दोन्हीकडे आहे, माझ्यावर थोडा जास्त.

दादांनी दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते तपासणीआधी सांगायचंच. दुसऱ्याच्या रक्तातलं 'ए' रिपोर्टवर दिसतं आणि रुग्णसुद्धा वाहकासारखा वाटू शकतो. दुसरं म्हणजे मधुमेहाची 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती तपासणीही बऱ्याचदा अशाच यंत्रावर होते, साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजून. ज्यांच्या रक्तात 'एस' आहे त्यांच्या बाबतीत तो आकडा फसवू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आपल्याकडे तपासणीची पथकं शाळेत येतात, यादी आपणच करतो, कागदही आपल्याच हातून घरी जातात. म्हणून एवढं तरी पाठ असू द्या: दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि दोन्ही जनुकं चांगली असण्याची चारात एक. वर्गात 'एसएस' मूल असेल तर त्याला तासाला पाणी प्यायला आणि लघवीला उठू द्या, थंडीत, उन्हात ताणू नका, ताप आला किंवा अंग दुखतंय म्हणालं तर बहाणा समजू नका, लगेच दवाखान्यात पाठवा.

त्या मुलीच्या वडिलांना मी खडूचा प्रयोगच करून दाखवला, ऑफिसातल्या बशीत. काळ्या रेघेतून निळा आणि गुलाबी वेगळा झालेला त्यांनी बराच वेळ पाहिला. मग रिपोर्टवरच्या दोन डोंगरांवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे हा एक चांगला, हा एक वाकडा. आणि चांगला मोठा आहे." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. कबड्डीचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाहक मुलं सगळ्यांसारखी खेळतात, फक्त उन्हात खेळताना पाणी मात्र भरपूर प्यायला लावा, आणि मनात शंका असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा. त्यांनी विचारलं, आणि नाव परत संघात आलं.

पुढच्या महिन्यात ते स्वतः आणि घरातल्या ताई तपासून आले. ताईंच्या कागदावर एकच मोठा डोंगर होता, वडिलांच्या कागदावर दोन. "माझाच आहे म्हणायचा," ते म्हणाले, आणि धाकट्या पोराला कधी न्यायचं ते विचारलं.